कलांगचा घुमट आणि त्याची पडवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाल्यापासून आणि दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम पाडून तेथे क्रीडानगरी उभारण्याचा केंद्रीय क्रीडा मंत्रालयाचा विचार जाहीर झाल्यापासून क्रीडासंकुलांची चर्चा वाढली आहे. ती वाढली याचा आनंदच आहे. मात्र या चर्चेत सिंगापूरच्या ‘स्पोर्ट्स हब’ या क्रीडासंकुलाचे उदाहरण वारंवार दिले जाते आणि दरवेळी ते अर्धेच सांगितले जाते. सरकारने जागा दिली, खासगी कंपन्यांनी पैसा उभा करून जगात नाव होईल असा घुमट बांधला, आता तेथे फुटबॉलही होतो आणि गाण्याचे कार्यक्रमही होतात, तेव्हा आपणही तसेच करावे, असा या सांगण्याचा सूर असतो. हा खासगी करार मुदतीच्या कितीतरी आधी खुद्द सरकारनेच संपवला आणि संकुल आपल्या ताब्यात घेतले, हा गोष्टीचा पुढचा भाग मात्र बहुधा गाळला जातो. मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. मुलगी सिंगापुरात नोकरीला असल्याने मी तीन वेळा काही महिने तेथे राहिलो, आणि तिचे घर हे संकुल ज्या कलांग भागात आहे तेथून चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने ते पाहुण्यापेक्षा शेजाऱ्याच्या नजरेने अधिक पाहिले. पत्र थोडे लांबले आहे, तरी छापावे ही विनंती.

आज जेथे घुमट आहे तेथे पूर्वी जुने राष्ट्रीय स्टेडियम होते. ते १९७३ साली सुरू झाले. देश स्वतंत्र होऊन जेमतेम आठ वर्षे झाली होती आणि बांधकामासाठी पैसा उभा करायला सरकारी लॉटरीच्या उत्पन्नाचा आधार घेण्यात आला होता. मलेशिया चषकाच्या फुटबॉल सामन्यांना तेथे जी गर्दी जमे तिच्या आरोळीला ‘कलांग रोर’ असे नावच पडले होते. दर काही वर्षांनी राष्ट्रदिनाचे संचलनही तेथेच होई. हे स्टेडियम २००७ साली बंद झाले, कारण नवे लगेच उभे राहणार होते. पण कंपन्यांच्या समूहाची निवड २००८ च्या जानेवारीत झाली आणि त्याच वर्षी जागतिक आर्थिक संकट आले. खासगी भागीदाराला कर्ज मिळवणे जड गेले, करारावर सह्या व्हायला २०१० उजाडले आणि नवे स्टेडियम २०१४ च्या जूनअखेरीस उघडले. मधली सात वर्षे राष्ट्रीय संघ जालान बेसारच्या लहानशा मैदानावर खेळला आणि संचलन मरिना बे येथे पाण्यावरच्या तरंगत्या मंचावर गेले. सिंगापूरसारख्या काटेकोर देशात ‘लगेच’ या शब्दाची सात वर्षे झाली. दिल्लीत जुन्या स्टेडियमवर पहिली कुदळ पडण्यापूर्वी हा हिशेब कोणीतरी मांडलेला असावा, एवढीच अपेक्षा आहे.

नव्या इमारतीबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. ती थोर आहे. घुमटाचा विस्तार ३१० मीटर आहे. फुटबॉलची तीन मैदाने लांबीने एकापुढे एक मांडली तर जवळजवळ एवढे अंतर होते, आणि तेवढ्या अंतरात मध्ये एकही खांब नाही. मधोमध सरकणारे छप्पर आहे. ते वीस-पंचवीस मिनिटांत उघडते किंवा मिटते आणि त्यावर काचेऐवजी हलक्या, अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या फुगीर गाद्या बसवल्या आहेत. आसने ५५ हजार आहेत. त्यांचा सर्वांत खालचा थर रुळांवरून मागेपुढे सरकतो. फुटबॉल आणि रग्बीसाठी तो पुढे येऊन मैदानाला भिडतो, अ‍ॅथलेटिक्ससाठी मागे सरकून धावपट्टी मोकळी करतो, क्रिकेटसाठी आणखी जागा देतो. धावपट्टी असलेल्या स्टेडियममध्ये फुटबॉल पाहताना खेळाडू पलीकडच्या तीरावर असल्यासारखे वाटतात, हा अनुभव बालेवाडीत सामना पाहिलेल्या कोणालाही सांगावा लागणार नाही. त्या अडचणीवरचा एवढा नेटका उपाय मी दुसरीकडे पाहिलेला नाही. घुमटाची एक बाजू शहराकडे मोकळी ठेवली आहे, त्यामुळे गॅलरीत बसले की गोलपोस्टच्या मागे पाणी आणि उंच इमारती दिसतात. आसनांखालून गार हवा सोडण्याचीही सोय आहे, जेणेकरून सगळे स्टेडियम वातानुकूलित करण्याचा खर्च न होता माणूस बसतो तेवढीच जागा थंड राहावी. ९ ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळी मात्र माझा शर्ट पाठीला चिकटलेलाच होता.

त्या संध्याकाळी तेथे आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत सिंगापूर विरुद्ध भारत हा सामना होता. माझ्या शेजारी सत्तरीचे एक तमिळ गृहस्थ नातवाला घेऊन बसले होते. जुन्या स्टेडियमच्या लाकडी बाकांवर आपण कसे दाटीवाटीने बसायचो, हे ते मला मध्यंतरापर्यंत सांगत होते. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या इखसान फांदीने गोल केला, उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच आपल्या संदेश झिंगनला मैदान सोडावे लागले आणि सामना हातचा गेला असे वाटत असताना नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली. आमच्या भागातील निळ्या शर्टांनी जो गलका केला, त्यावर ते आजोबा हसून म्हणाले की ही आरोळी चांगली आहे, पण छप्पर नसताना ती याहून लांब जायची. पाचच दिवसांनी परतीचा सामना गोव्यात फातोर्ड्याला झाला. तो मी टीव्हीवर पाहिला. १९८९ साली सुरू झालेले, साधारण १९ हजार आसनांचे ते आपले साधे, जुने, जिव्हाळ्याचे मैदान. तेथे छांगतेने भारताला आघाडी मिळवून दिली, मग साँग उई-याँगने दोन गोल केले, आपण २-१ असे हरलो आणि स्पर्धेबाहेर गेलो. पुढच्या महिन्यात सिंगापूर आशियाई चषकाला पात्र ठरले. १९८४ साली ते यजमान म्हणून खेळले होते, स्वतःच्या बळावर मात्र ही पहिलीच वेळ. गोव्यातल्या पराभवाच्या दुसऱ्या दिवशी समाजमाध्यमांवर ‘त्यांचे स्टेडियम पाहा आणि आपले पाहा’ असे तक्ते फिरू लागले. मला ते वाचून हसू आले. त्यांनी आपल्याला हरवले ते आपल्याच फातोर्ड्यात, घुमटाखाली तर बरोबरीच झाली होती.

आता गवताविषयी, कारण छपरापेक्षा गवताने या संकुलाला जास्त शिकवले. स्टेडियम उघडल्यावर काही महिन्यांतच, १४ ऑक्टोबर २०१४ रोजी तेथे ब्राझील आणि जपान यांचा मैत्रीपूर्ण सामना झाला. नेमारने एकट्याने चार गोल केले. त्या सामन्याची चित्रफीत आजही पाहता येते. तीत चेंडूइतकीच वाळू उडताना दिसते. मैदानात वाळूच्या थरात प्लास्टिकचे धागे शिवून त्यांच्यामध्ये खरे गवत वाढवलेले होते. युरोपात हे तंत्र चांगले रुळलेले आहे. परंतु गवताला मुळे धरायला वेळ लागतो आणि ऊन लागते. येथे ऊन घुमटाने अडवले आणि वेळ कार्यक्रमांनी. सामने आणि गाण्याचे मोठे कार्यक्रम इतके पाठोपाठ ठेवले होते की मैदानाला उसंतच नव्हती. दोन्ही संघांच्या गोटातून मैदानाविषयी नाराजी व्यक्त झाली आणि कोट्यवधी डॉलरच्या वास्तूचे जगभर हसे झाले. अखेर २०१५ च्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांपूर्वी पद्धतच बदलावी लागली. बाहेर शेतात वाढवलेली हिरवळ आणून गालिच्यासारखी अंथरायची आणि सूर्याची उणीव चाकांवरच्या मोठ्या दिव्यांनी भरून काढायची, असे ठरले. आमच्याकडे ऊस लावणारा कोणताही शेतकरी सावलीतल्या सरीकडे बोट दाखवून हे आधीच सांगू शकला असता, असे मी जावयाला म्हणालो. तो संगणकवाला असल्याने त्याला सरी म्हणजे काय ते समजावण्यातच संध्याकाळ गेली.

गवताचा हा प्रश्न वरवर बागायतीचा वाटतो, पण तो मुळात कराराचा आहे. मैदानाला विश्रांती द्यायची की आणखी एक कार्यक्रम घ्यायचा, हे ज्याच्या हाती असते तो कोणत्या हिशेबाने निर्णय घेतो, यावर गवत जगते. स्पोर्ट्स हबचा करार २५ वर्षांचा होता. आराखडा, बांधणी, भांडवल आणि परिचालन ही चारही कामे खासगी समूहाकडे होती. आपल्याकडे ज्याला सर्रास ‘बीओटी’ (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) म्हणतात त्याच जातीचा हा करार, फरक इतकाच की टोलनाक्याऐवजी येथे सरकारच दरवर्षी ठरलेली रक्कम देत होते. बांधकामाचा खर्च १३३ कोटी सिंगापूर डॉलर झाला, म्हणजे आजच्या दराने नऊ हजार कोटी रुपयांच्या आसपास. त्यापोटी आणि देखभालीपोटी सरकारकडून दरवर्षी सुमारे १९ कोटी डॉलर जात होते. म्हणजे ‘खासगी कंपन्यांनी स्वतःच्या पैशाने बांधले’ हे वाक्य बोलण्यापुरते खरे. पैसा जनतेचाच होता, फक्त तो हप्त्यांनी जात होता, आणि हप्ते भरूनही वापराच्या प्रत्येक दिवसासाठी मालकाला व्यवस्थापकाशी बोलणी करावी लागत होती.

या बोलण्यांचे टोक २०१६ साली दिसले. त्या वर्षीचे राष्ट्रदिनाचे संचलन नव्या स्टेडियममध्ये घ्यायचे ठरले. संचलनाची तयारी म्हणजे रंगीत तालमी, दिवे, मंच, हजारो मुलांचे सराव. करारात त्यासाठी जेवढे दिवस मोफत धरले होते त्याहून जास्त दिवस लागणार, असे लक्षात आले आणि चालवणाऱ्या कंपनीने जादा दिवसांचे पैसे मागितले. करार पाहता तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. स्टेडियम अडकून पडले तर तिचे उत्पन्न बुडणार होते. पण देशाच्या राष्ट्रदिनासाठी देशाच्या राष्ट्रीय स्टेडियमचे भाडे किती, यावर सरकार आणि ठेकेदार घासाघीस करीत आहेत, हे दृश्य तेथील नागरिकांना रुचले नाही. फुटबॉलचीही तीच गत होती. राष्ट्रीय संघाला आपल्याच घरचे मोठे मैदान महाग पडे आणि बरेच सामने पुन्हा त्या जालान बेसारवर खेळवले जात. शेवटी २०२२ च्या जून महिन्यात सरकारने करार संपवण्याचा निर्णय जाहीर केला आणि ९ डिसेंबर २०२२ रोजी ‘स्पोर्ट सिंगापूर’ या सरकारी संस्थेने संकुलाचा ताबा घेतला. २५ पैकी जेमतेम निम्मी वर्षे झाली होती.

यावरून खासगी भागीदारी वाईट, असा निष्कर्ष मी काढत नाही. सरकारी ताब्यातल्या संकुलांची अवस्था महाराष्ट्रात राहणाऱ्याला ठाऊक असते. ताबा घेतल्यानंतर तेथे गाण्याचे कार्यक्रम बंद झाले असेही नाही. २०२४ च्या मार्चमध्ये टेलर स्विफ्टचे सहा कार्यक्रम त्याच घुमटाखाली झाले आणि त्यासाठी आसपासच्या देशांतून लोक विमानांनी आले. पैसा मिळवावाच लागतो. बदलले ते इतकेच की कोणता दिवस गाण्याला, कोणता फुटबॉलला आणि कोणता शाळेच्या मुलांना द्यायचा हे ठरवताना लोकांच्या वापराचे पारडेही तोलले जाऊ लागले, शालेय आणि सर्वसामान्यांच्या उपक्रमांना मुख्य मैदान अधिक मोकळे झाले.

पण या संकुलातली जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती सुरुवातीपासूनच तेथे आहे, आणि तिला तिकीट नाही. घुमटाची कड जमिनीला टेकते त्याच्या आत, स्टेडियमला वेढा घालून एक रुंद, छपराखालची वाट आहे. वाड्याला पडवी असते तशी ही घुमटाची पडवी आहे. ती दिवसाचे चोवीस तास उघडी असते. मी पहाटे साडेपाचला तेथे जात असे. त्या वेळी बाहेर अजून अंधार असतो, आत मंद दिवे असतात. पायांखाली किंचित मऊ लागते. दोन-तीन चिनी आजी हात मागे-पुढे झुलवत उलट्या चालत असतात, कोणीतरी छोट्या रेडिओवर गाणी लावलेली असतात, एखादा बांगलादेशी कामगार रात्रपाळी संपवून खांबाला टेकून डबा खात बसलेला असतो आणि त्याला कोणी उठवत नाही. दुपारी पावसाची सर आली की शाळेची मुले दप्तरे एका कडेला टाकून येथेच पळापळी करतात. सगळा वेढा मला चालून यायला बारा मिनिटे लागत. आतल्या ५५ हजार आसनांकडे तोंड करून बंद दरवाजे उभे असतात, पण बाहेरची ही पडवी कोणत्याही सामन्यावाचून, कोणत्याही मंत्र्यावाचून भरलेली असते.

पडवीला लागूनच बाकीचे संकुल आहे आणि तेही असेच गुंफलेले आहे. पोहण्याचे तलाव आहेत, बॅडमिंटन-बास्केटबॉलचे सभागृह आहे, कलांगच्या पाण्यात होड्या वल्हवायची सोय आहे, लहान मुलांना पाण्यात खेळायची जागा आहे, आणि १९८९ साली बांधलेले, केंझो तांगे या जपानी वास्तुविशारदाच्या आराखड्याचे जुने इनडोअर स्टेडियम पाडून न टाकता याच संकुलात सामावून घेतले आहे. भुयारी रेल्वेचे ‘स्टेडियम’ नावाचे स्थानक दारातच आहे. ते नवे स्टेडियम उघडण्याच्या चार वर्षे आधी, २०१० सालीच सुरू झाले होते. सामना सुटल्यावर आम्ही अर्ध्या तासात घरी होतो. बाजारपेठ आहे, ती जरा जास्तच आहे असे मला वाटते. मैदानाकडे जाताना बुटांच्या दुकानांतून वाट काढणे मला शेवटपर्यंत आवडले नाही.

आता आपल्याकडे. बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभे राहिले, २००८ च्या युवा राष्ट्रकुल स्पर्धा तेथे झाल्या, २०१३ ची आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा तेथे झाली, २०२२ च्या महिलांच्या आशियाई फुटबॉल चषकाचे सामनेही झाले. तेव्हा मोठ्या स्पर्धा घेण्याची ताकद महाराष्ट्रात नाही असे नाही. प्रश्न दोन स्पर्धांच्या मधल्या दिवसांचा आहे. आणि तो बालेवाडीपेक्षा खाली, जिल्ह्यांत आणि तालुक्यांत अधिक टोचतो. शासनाच्या योजनेतून ठिकठिकाणी तालुका क्रीडासंकुले बांधली गेली आहेत. अशाच एका संकुलात गेल्या उन्हाळ्यात मी नातवाला घेऊन संध्याकाळी सहा वाजता गेलो. मैदान होते, धावपट्टी आखलेली होती, एका कोपऱ्यात लग्नाच्या मंडपाचे बांबू रचलेले होते आणि फाटकाला कुलूप होते. शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याने सांगितले की किल्ली ज्याच्याकडे असते तो आज आलेला नाही. नातवाने फाटकाच्या गजांतून आत चेंडू टाकला. तो परत कसा आणायचा याचा विचार करण्यात आमचा खेळ संपला.

म्हणून माझी सूचना घुमटाविषयी नाही. क्रीडानगरी अहमदाबादला होवो, दिल्लीला होवो किंवा उद्या महाराष्ट्रात होवो, निविदा काढण्यापूर्वी कराराचा मसुदा लोकांपुढे ठेवावा आणि महाराष्ट्रातल्या कामाचा असेल तर तो मराठीत ठेवावा. वर्षातले किती दिवस मुख्य मैदान शालेय, जिल्हा आणि राज्य स्पर्धांना, आणि किती भाड्याने, हा आकडा त्यात असावा. संघटनांना आणि क्लबांना लागू होणारा दर आधीच ठरलेला असावा, तो दरवेळी बोलणी करून मिळवावा लागू नये. दोन मोठ्या कार्यक्रमांमध्ये मैदानाला किती दिवस विश्रांती मिळणार, हे गवताची देखभाल करणाऱ्याने ठरवावे आणि तिकिटे विकणाऱ्याने ते पाळावे. करार मध्येच मोडायची वेळ आली तर कोणी कोणाला किती द्यायचे, हेही त्यातच असावे, कारण सिंगापूरवर ती वेळ आली आणि त्यांच्या तिजोरीला ती झेपली, आपल्याला झेपेलच असे नाही. आणि संकुलाची बाहेरची वाट, मैदानाभोवतीचा तो पहिला वेढा, कोणत्याही कार्यक्रमासाठी, कोणत्याही पाहुण्यासाठी बंद करता येणार नाही, असे एक कलम असावे.

हे शेवटचे कलम लिहायला ना भांडवल लागते, ना ३१० मीटरचा घुमट. तालुक्याच्या संकुलालाही ते आजच लावता येईल. गेल्या महिन्यात मी पुन्हा त्या फाटकापाशी गेलो होतो. बांबू हलवले आहेत, चेंडू अजून आत आहे.

आपला,
एक वाचक, कराड